संगणकावरची नक्षी, हातमागावरचं कापड: काय बदललं, काय तसंच राहिलं

पैठणी, चंदेरी, महेश्वरी, इरकल आणि खण ही नावं मराठी घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत, मग ते घर बेळगावात असो, मडगावात, ग्वाल्हेरला, इंदूरला, बडोद्याला की हैदराबादला. गंमत म्हणजे यांतली एकट्या पैठणीची गावंच आजच्या महाराष्ट्रात आहेत. चंदेरी आणि महेश्वर मध्य प्रदेशात आहेत. इरकल आणि खणाचं गुळेदगुड्ड कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. कापडाने राज्यांच्या सीमा कधी मोजल्या नाहीत.

या सगळ्या गावांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवी वस्तू आली आहे: संगणक. नक्षी आता संगणकावर काढली जाते, पण कापड हातमागावरच विणलं जातं. त्यावर ग्राहक विचारतो, ‘मग ही खरी हातमागाची म्हणायची का?’ विणकराचा प्रश्न वेगळाच असतो, ‘माझी नक्षी उद्या यंत्रमागावर गेली तर?’ या लेखात ही पद्धत कशी चालते, ती कुठून आली, कायदा काय म्हणतो आणि घेणाऱ्याने काय पाहावं, याची माहिती एका ठिकाणी दिली आहे.

आधी मागाची दोन अक्षरं

मागावर दोन प्रकारचे धागे असतात. उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. धोट्यातून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. ताण्यातले काही धागे वर उचलायचे, मधल्या फटीतून धोटा फेकायचा, फणीने ठोकायचं आणि मग दुसरे धागे उचलायचे. विणणं ते एवढंच. साध्या कापडात एक सोडून एक धागा उचलला जातो, आणि त्याला पायाखालच्या दोन पावड्या पुरतात.

नक्षी आली की गुंता होतो. मोराची मान विणायची तर प्रत्येक आडव्या ओळीला वेगवेगळे धागे उचलावे लागतात. शेकडो धाग्यांतला कोणता वर जाईल आणि कोणता खाली राहील, हे ओळीओळीला ठरवावं लागतं. धागा वर किंवा खाली, तिसरा पर्याय नाही. संगणकही मुळात याच भाषेत काम करतो, शून्य किंवा एक. म्हणून माग आणि संगणक यांची जोडी वाटते तितकी विजोड नाही.

संगणकाच्या आधी मागाने कार्डं वापरली

भारतात याचं जुनं उत्तर होतं जाला. नक्षी ठरवणारा कारागीर, म्हणजे बनारसकडचा नक्षाबंद, दोऱ्यांच्या गाठींची एक जाळी बांधायचा. कोणत्या ओळीला कोणते धागे उचलायचे ते त्या जाळीत साठवलेलं असायचं. मागापाशी बसलेला दुसरा माणूस, बहुधा एखादं पोर, ते दोरे क्रमाने ओढायचा आणि विणकर धोटा फेकायचा. जाला म्हणजे दोऱ्यांत बांधून ठेवलेली आठवण.

फ्रान्समध्ये १७२५ साली बासिल बूशाँ याने छिद्रं पाडलेल्या कागदाच्या पट्टीवरून धागे निवडण्याची युक्ती काढली. त्यात सुधारणा होत गेल्या आणि १८०४ च्या सुमारास लियाँ शहरातल्या जोसेफ-मारी जॅकार्ड याने आजही त्याच्या नावाने ओळखलं जाणारं यंत्र पुढे आणलं. यात प्रत्येक आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड असतं. कार्डाला छिद्र असेल तिथली सुई आत जाते, तिचा हूक उचलला जातो आणि हुकाला बांधलेला धागा वर येतो. छिद्र नसेल तर धागा खालीच राहतो. कार्डं एकमेकांना शिवून माळ केली की नक्षी आपोआप पुढे सरकते. दोरे ओढणाऱ्या माणसाची गरज उरत नाही.

याने काय साधतं ते १८३९ साली लियाँमध्येच दिसलं. खुद्द जॅकार्डचं एक चित्र रेशमात विणलं गेलं आणि त्यासाठी सुमारे २४,००० कार्डं लागली. पाहणाऱ्यांना ते छापील चित्र वाटायचं. त्याची एक प्रत इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याच्या घरी होती. बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच छिद्रांच्या कार्डांची कल्पना घेतली. त्या यंत्रावर १८४३ साली टिपा लिहिणाऱ्या एडा लव्हलेसनेही ते समजावताना जॅकार्डच्या मागाचीच उपमा दिली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी छिद्रांच्या कार्डांवरून मोजणी केली. म्हणजे संगणक मागाकडे नव्याने आलेला पाहुणा नाही. जुनं नातं आहे, फक्त तो फिरून परत आला.

परतीचा हा प्रवास १९६० च्या दशकात सुरू झाला. आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या जॅनिस लूरी या स्वतः विणकाम जाणत होत्या. पडद्यावर चित्र काढून त्यावरून मागासाठीची माहिती थेट तयार करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. आज कपड्यांच्या नक्षीसाठी जी सॉफ्टवेअर वापरली जातात, त्यांचं मूळ तिथे सापडतं.

पडद्यावरचं चित्र कापडात कसं उतरतं

लोकांना वाटतं, संगणकावर फोटो टाकला, बटण दाबलं आणि साडी तयार. तसं काही नसतं. मधे निदान पाच पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला विणकाम कळणारा माणूस लागतो.

पहिली पायरी रंग कमी करण्याची. फोटोत लाखो रंगछटा असतात. मागावर बाण्याचे दोन, चार, फार तर सहा-आठ रंग असतात. कोणते ठेवायचे हे माणूस ठरवतो. सावली, धूसरपणा, चमक हे कापडात जसंच्या तसं येत नाही. आता नुसतं वर्णन लिहून संगणकाकडून चित्रं बनवून घेता येतात, त्यांचीही अडचण तीच. पडद्यावर देखणं दिसणारं चित्र धाग्यात कसं बसेल, हे त्या यंत्राला ठाऊक नसतं.

दुसरी पायरी चौकटींची. चित्राचं रूपांतर आलेख कागदासारख्या चौकटींत होतं. एक उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी रांग म्हणजे बाण्याची एक फेक. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला हे लगेच उमजेल.

तिसरी पायरी मापाची, आणि नवखे इथेच फसतात. समजा एका इंचात ताण्याचे ८० धागे आहेत आणि बाण्याचे ६४. चौरस चौकटींवर ८० बाय ८० चं गोल फूल काढलं, तर ते रुंदीला एक इंच भरेल, पण उंचीला ८० भागिले ६४ म्हणजे सव्वा इंच. गोल फूल उभ्या अंड्यासारखं दिसेल. म्हणून चौकटीचं प्रमाण कापडाच्या धाग्यांप्रमाणे ठेवावं लागतं. जुने नक्षीकार यासाठी वेगळ्या मापाचा छापील कागद वापरायचे. सॉफ्टवेअरमध्ये दोन आकडे भरले की काम होतं. पण ते दोन आकडे कापडावर भिंग ठेवून मोजावे लागतात.

चौथी पायरी विणीची. फुलाच्या जागी बाण्याचा जादा धागा वर राहणार. तो सलग किती धाग्यांवरून मोकळा जाऊ द्यायचा? फार लांब राहिला तर बांगडीत, अंगठीत अडकून ओढला जातो. म्हणून मोठ्या पानाच्या मधे बारीक टाके द्यावे लागतात. संगणक असे लांब सुटलेले धागे शोधून दाखवतो. हातानेही हे होतं, पण डोळे दुखेपर्यंत चौकटी मोजाव्या लागतात.

पाचवी पायरी कार्डांची. ४०० हुकांचं जॅकार्ड असेल आणि एका हुकाला नक्षीच्या रुंदीत एकच धागा जोडलेला असेल, तर इंचाला ८० धाग्यांच्या हिशोबाने नक्षी पाच इंच रुंद होते आणि पुढे तीच पुन्हा सुरू होते. तिची उंचीही पाच इंच धरली, तर ६४ गुणिले ५ म्हणजे ३२० ओळी आणि ३२० कार्डं. त्याच ओळीत दुसऱ्या रंगाचा जादा बाणा हवा असेल तर जवळपास दुप्पट. पूर्वी ही सगळी छिद्रं ग्राफ पाहून एकेक करून पाडायची. आता संगणकाला जोडलेलं यंत्र ती पाडतं. त्याही पुढे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आहे. त्यात कार्डंच नसतात, हुकांची निवड थेट फाइलवरून होते.

बचत होते ती इथे. नक्षीचा ग्राफ आणि कार्डं यांना हाताने जे काही दिवस किंवा आठवडे लागायचे, ते काम आता फार लवकर उरकतं. चूक निघाली तर माळ उसवावी लागत नाही. विणण्याच्या वेळेत मात्र फारसा फरक पडत नाही. धोटा हातानेच फेकायचा, फणी हातानेच ठोकायची. दिवसाला जेवढं कापड व्हायचं, साधारण तेवढंच होतं.

आपल्या ओळखीचे माग आणि संगणक

*चंदेरी.* ग्वाल्हेर संस्थानातलं हे गाव. शिंदे सरकारचा आश्रय असल्याने मराठी घराण्यांत चंदेरीचं लुगडं रूढ झालं. इथे २००९ पासून ‘चंदेरियान’ नावाचा प्रकल्प चालला. विणकरांच्या मुलामुलींना संगणकावर नक्षी काढायला शिकवणं, जुन्या नक्ष्या संगणकात साठवणं आणि जॅकार्डची कार्डं यंत्राने पाडणं अशी कामं त्यात झाली. चंदेरीची खासियत असलेली बुट्टी मात्र आजही अनेक मागांवर छोट्या कांड्यांनी, हाताने भरली जाते. संगणकाने बुट्टीचं चित्र दिलं, बुट्टी हातानेच भरली.

*महेश्वर.* अहिल्याबाई होळकरांनी वसवलेल्या या विणकरांच्या गावात १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटीने मागांना पुन्हा काम मिळवून दिलं. महेश्वरी साडीचे काठ किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी नक्षीवरून आलेले आहेत: चटई, वीट, लहर, हिरा. या भूमितीय नक्षीला जॅकार्डची गरज नसते, डॉबी नावाचं लहान यंत्र पुरतं. इथे संगणकाचा खरा उपयोग रंगांसाठी होतो. एकाच काठाच्या वीस रंगजोड्या पडद्यावर पाहून त्यांतल्या तीन विणायला घ्यायच्या. नमुन्यापोटी वाया जाणारं रेशीम वाचतं. महेश्वरच्या ‘हँडलूम स्कूल’मध्ये तरुण विणकरांना नक्षी आणि धंद्याबरोबर संगणकही शिकवला जातो.

*पैठणी.* पैठण आणि येवला इथल्या अस्सल पैठणीच्या पदराला जॅकार्ड लागत नाही. वेगवेगळ्या रंगांच्या कांड्या हाताने गुंफत जायच्या, एका रंगाचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायचा. त्यामुळे मोर, मुनिया, आसावली दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. इथे संगणक फक्त कागदापुरता. नक्षीचा अचूक मापाचा ग्राफ छापून विणकर तो समोर ठेवतो आणि धागे मोजत विणतो. जॅकार्डवर विणलेलीही पैठणी मिळते. तिच्या मागच्या बाजूला सुटे धागे दिसतात. तीही हातमागाची असू शकते, पण दोन्हींच्या कष्टात आणि किमतीत मोठा फरक असतो. दुकानदाराने तो सांगायला हवा.

*इरकल आणि खण.* इरकल साडीचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो. अंगाच्या ताण्याचे धागे आणि पदराच्या रेशमी ताण्याचे धागे एकेक करून फासात फास अडकवून जोडतात. यालाच टोपपदर म्हणतात. ही जोडणी कोणत्याही सॉफ्टवेअरच्या आवाक्यातली नाही. पदरावरची ज्वारीची कणसं, फणी, किल्ल्याचे कंगोरे ही नक्षी पिढ्यान्‌पिढ्या विणकरांच्या तोंडपाठ आहे. गुळेदगुड्डच्या खणात मात्र बारीक बुट्ट्या आणि काठ डॉबी-जॅकार्डवर चालतात, त्यामुळे तिथे नवी नक्षी संगणकावरून आणणं सोपं आहे. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात आज यंत्रमागच जास्त आहेत. पण जॅकार्डची कार्डं आणि नक्षीची फाइल यांचं शास्त्र दोन्हीकडे एकच. पुढे येणारा वादही त्यामुळेच आहे.

*गोवा आणि हैदराबाद.* गोव्याच्या कुणबी साडीला नक्षी अशी नसतेच. चौकड्या आणि पट्टे असतात. दिवंगत डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा चर्चेत आणली. अशा कापडात कोणत्या रंगाचे किती धागे कोणत्या क्रमाने ताणायचे, एवढाच संगणकाचा विषय उरतो. हैदराबादेत दिवंगत सुरय्या हसन बोस यांनी हिमरू, मशरू आणि पैठणीचं विणकाम अनेक बायकांना शिकवून टिकवलं. हिमरूसारख्या जाल्याच्या कापडाचे जुने नमुने ग्राफवर उतरवून घेणं हे संगणकाचं फार मोलाचं काम ठरू शकतं. जाला बांधणारे हात कमी होत चालले आहेत.

कलाकारांच्या मागावर

बाजारासाठी विणणं वेगळं आणि भिंतीवर लावायचं चित्र विणणं वेगळं. कलाकारांना नक्षी पाच इंचांवर पुन्हा नको असते. संपूर्ण रुंदीत एकदाही न फिरणारं चित्र हवं असतं. म्हणजे ताण्याचा प्रत्येक धागा स्वतंत्रपणे उचलता आला पाहिजे.

नॉर्वेत विबेके वेस्टबी यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात असा माग तयार झाला. टीसी-१, आणि पुढे टीसी-२. यात प्रत्येक धागा संगणकाच्या फाइलप्रमाणे उचलला जातो, पण धोटा विणणारा माणूसच फेकतो. एक ओळ विणून झाली की थांबून रंग बदलता येतो, धागा बदलता येतो, ठरलेलं मोडताही येतं. कारखान्याच्या मागावर ही सोय नसते.

अमेरिकेतल्या लिया कुक यांनी अशा मागावर फोटोंवरून चेहऱ्यांची मोठी चित्रं विणली. जवळून फक्त धागे दिसतात, लांबून चेहरा. छापील फोटो पाहताना आणि तोच चेहरा विणलेल्या कापडात पाहताना मेंदूत काय फरक पडतो, याचा शोधही त्यांनी मेंदूशास्त्रज्ञांबरोबर घेतला. अमेरिकेतल्याच कोलोरॅडो विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेने ‘एडाकॅड’ हे विणीच्या आराखड्यांचं मोफत सॉफ्टवेअर खुलं केलं आहे. चित्रापेक्षा विणीच्या रचनेवर प्रयोग करणाऱ्यांना ते उपयोगी पडतं.

भारतात सरकारी पुढाकाराने ‘डिजिबुनाई’ हे खुलं सॉफ्टवेअर तयार झालं आहे. ते जॅकार्ड आणि डॉबी या दोन्हींसाठी चालतं. महागडं परदेशी सॉफ्टवेअर परवडत नाही अशा विणकराच्या मुलामुलींनी सुरुवात इथून करावी.

मग हा हातमाग उरतो का?

कायद्यापुरतं उत्तर सरळ आहे. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्यात हातमाग म्हणजे यंत्रमाग नसलेला माग, अशी व्याख्या आहे. माग कशाने चालतो हे पाहायचं, नक्षी कशावर काढली हे नाही. जॅकार्ड बसवल्याने हातमाग यंत्रमाग होत नाही, तसंच नक्षी संगणकावर काढल्यानेही होत नाही.

याच कायद्याने काही प्रकारचं कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवलं. सुरुवातीला २२ प्रकार होते, १९९६ साली ते ११ वर आले. साडीचे काही प्रकार, धोतर, टॉवेल-गमछा, लुंगी, शाल, सतरंजी हे अजून त्या यादीत आहेत. माणसाचा हात कुठेतरी एका टप्प्यावर लागला तरी मिश्र मागाला हातमाग म्हणावं, असा विचार मधे पुढे आला होता. विणकरांच्या बाजूने त्याला विरोध झाला आणि व्याख्या तशीच राहिली. विरोध योग्यच होता. मागाला मोटर लागली की एक माणूस अनेक माग चालवतो, आणि हातमागासाठी राखलेल्या सवलती कुणाच्या हातात जातील हे सांगायला ज्योतिषी नको.

रेषा अशी आखता येईल: निवड विजेवर चालली तरी चालेल, विणणं हातावर राहिलं पाहिजे. कोणता धागा उचलायचा हे कार्डाने सांगितलं, जाल्याने सांगितलं की फाइलने, याने फरक पडत नाही. ताण्याचा ताण हाताला जाणवणं, धागा तुटल्यावर थांबणं, ठोक कमी-जास्त करणं, हे ज्याचं आहे तो विणकर.

खरा धोका: फाइल पळते

जाला खांद्यावर टाकून पळवता येत नसे. कार्डांची माळही जड असायची. फाइल मात्र मोबाईलवरून एका क्षणात दुसऱ्या गावी पोचते. हातमागासाठी बनवलेली जॅकार्डची फाइल थोड्या बदलांनी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड लावलेल्या यंत्रमागावरही चालते. विणकर पहिली साडी मागावरून उतरवेपर्यंत तीच नक्षी स्वस्त धाग्यात बाजारात आलेली असू शकते. संगणकाने विणकराचा वेळ वाचवला, तसा नकलेचाही वेळ वाचवला.

संरक्षण काय आहे?

चंदेरी, महेश्वरी, पैठणी आणि इरकल यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेलं आहे. ते नावाचं आणि त्या भागाचं रक्षण करतं. तुम्ही काढलेल्या नव्या नक्षीचं करत नाही.

नव्या नक्षीसाठी २००० चा डिझाइन कायदा आहे. नोंदणी झाली तर दहा वर्षं हक्क मिळतो आणि तो आणखी पाच वर्षं वाढवता येतो. मात्र नक्षी नवी असावी लागते आणि अर्ज करण्याआधी ती जाहीर झालेली नसावी. म्हणजे आधी अर्ज, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. उलटं केलं तर हक्क घालवला. मोर, कमळ, आसावली अशा जुन्या नक्ष्या कुणा एकाच्या नावावर होत नाहीत, आणि व्हायलाही नकोत.

कॉपीराइट आपोआप मिळतो हा समज इथे अपुरा आहे. नोंदणी होण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि तिच्या यंत्राने पन्नासहून जास्त प्रती निघाल्या, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो.

एकट्या विणकराला ही धावपळ जमत नाही. म्हणून फाइल सोसायटीच्या किंवा बचत गटाच्या ताब्यात असावी, बाहेरच्या डिझायनरने काम दिलं तर फाइल कुणाची राहणार हे आधी कागदावर लिहून घ्यावं, आणि पार्टीला पूर्ण फाइल न पाठवता लहान आकाराचं चित्रच पाठवावं. एवढं तरी आज करता येण्यासारखं आहे.

पैसा कुणाकडे जातो

२०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख लोक हातमागावर आणि त्याच्याशी जोडलेल्या कामांत होते. त्याआधीच्या २००९-१० च्या गणनेत हा आकडा ४३ लाखांच्या वर होता. विणकरांत बायकांचं प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक आहे. बहुतेक विणकर घरांची कमाई महिन्याला पाच हजारांच्या आत होती.

या आकड्यांपुढे ‘संगणक आला, आता विणकर सुखी’ असं म्हणणं धाडसाचं आहे. नक्षी लवकर तयार झाली याचा फायदा ज्याच्या हातात नक्षी आहे त्याला होतो. तो व्यापारी असेल तर फायदा व्यापाऱ्याचा. विणकराला साडीमागे ठरलेली मजुरी मिळते, मग नक्षी हाताने काढलेली असो की संगणकावर. वर ग्राफ काढून आणि कार्डं पाडून पोट भरणाऱ्या कारागिराचं काम या बदलात जातं. त्याच्या हाती संगणक आला तर तोच सगळ्यांत चांगला नक्षीकार होऊ शकतो, कारण लांब सुटलेला धागा कुठे अडकेल हे त्याला आधीच ठाऊक असतं. प्रशिक्षणात पहिली खुर्ची त्याची असायला हवी.

विणकर घरातल्या मुलामुलींसाठी

विणकर सेवा केंद्रं १९५६ पासून सुरू झाली. आपल्या वाचकांच्या जवळची केंद्रं मुंबई, नागपूर, इंदूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि बेंगळुरूला आहेत. नक्षी, रंगणी आणि मागाची तांत्रिक मदत तिथे मिळते. सीमाभागातल्या मुलांना गदगची हातमाग तंत्र शिक्षणाची संस्था जवळ पडते. सुधारित माग आणि जॅकार्डसारखं साहित्य घ्यायला केंद्राच्या योजनेत खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं आणि १० टक्के विणकराने घालायचा असतो. अर्ज करताना विणकर ओळखपत्र विचारलं जातं, ते आधी काढून ठेवावं.

घेताना काय पाहावं

- हँडलूम मार्कचं लेबल पाहा. ही खूण २००६ पासून आहे.
- कापड उलटून पाहा. पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर तो कांड्यांनी गुंफलेला आहे. मागे लांब धागे असतील तर जॅकार्डचा.
- काठाच्या कडेला कापड ताणून धरण्याच्या टोकांची बारीक छिद्रं आणि बाण्यातला किंचित कमी-जास्तपणा ही बहुधा हाताची खूण असते. यंत्रमागाचं कापड शेवटपर्यंत एकसारखं असतं.
- दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: माग हाताचा की यंत्राचा? पदर गुंफलेला की जॅकार्डचा? विणला कुणी, कोणत्या गावात? तिसऱ्याचं उत्तर देता येत नसेल, तर पहिल्या दोन उत्तरांवर फार विसंबू नका.

ट्रंकेतल्या जुन्या साड्यांचं काय

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, बेळगाव इथल्या जुन्या घरांत आजीच्या वेळचे शालू, चंदेरी आणि इरकली लुगडी अजून असतात. त्यांतल्या काही नक्ष्या आज कुणी विणत नाही. साडी विरण्याआधी ती नक्षी वाचवता येते आणि त्याला फार काही लागत नाही.

साडी सपाट पसरा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, वरून सरळ फोटो घ्या. काठ, पदर, बुट्टी यांचा वेगवेगळा, आणि उलट बाजूचाही. फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवा, मापाशिवाय नक्षीचा ग्राफ करता येत नाही. भिंगाने एका इंचात उभे आणि आडवे धागे किती आहेत ते मोजून लिहा. साडी कुणाची, साधारण कधीची, कोणत्या गावाहून घेतली, हेही त्याबरोबर लिहा. मग साडी सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि वर्षातून दोन-तीनदा घडी मोडून वेगळी घाला, म्हणजे ती जुन्या घडीवर चिरणार नाही.

असे फोटो जवळच्या विणकर सोसायटीला किंवा विणकर सेवा केंद्राला दाखवा. तिथल्या संगणकावर त्यांचा ग्राफ होऊ शकतो, आणि मन लावून विणणारे हात अजून आहेत तोवर ती नक्षी पुन्हा मागावर चढू शकते.